बीसीएस की बीई कॉम्प? पुणे विद्यापीठाच्या दोन पदव्यांची पारख

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बारावीनंतर कॉम्प्युटर शिकायचं तर दोन मोठे रस्ते आहेत. एक म्हणजे तीन वर्षांचं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, ज्याला सगळे बीसीएस म्हणतात. दुसरा म्हणजे चार वर्षांचं बीई कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, पोरांच्या भाषेत ‘कॉम्प’. जून-जुलैत घरोघरी यावर चर्चा होते आणि बहुतेक वेळा ‘सायन्स म्हणजे थिअरी, इंजिनीअरिंग म्हणजे नोकरी’ एवढ्यावर मिटते. दोन्हींचा अभ्यासक्रम, परीक्षेची पद्धत आणि पुढच्या पात्रतेच्या अटी उघडून बघितल्या की ही समजूत टिकत नाही. म्हणून दोन्ही पदव्या इथे तशाच, आतून तपासल्या आहेत.

कौल आधीच सांगतो. कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून बऱ्या कॉलेजात कॉम्प किंवा आयटीची जागा मिळत असेल आणि फी झेपत असेल, तर बीई घ्यावं. जागा फक्त मॅनेजमेंट कोट्यातून किंवा जिथे शिकवायला माणसंच नाहीत अशा कॉलेजात मिळत असेल, तर कर्ज काढून ती घेण्यापेक्षा चांगल्या सायन्स कॉलेजातलं बीसीएस आणि पुढे एमसीए किंवा एमएस्सी हा सौदा कितीतरी पटीनं सरस आहे. अट एकच: पहिल्या दिवसापासून हिशेब पाच वर्षांचा धरायचा. बीसीएस करून तिसऱ्या वर्षाअखेर थांबणं हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा पर्याय आहे. कारणं पुढे येतीलच.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. यूट्यूबवर ‘कॉम्प्युटर सायन्स विरुद्ध कॉम्प्युटर इंजिनीअरिंग’ असे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या मुलांसाठी केलेले आहेत. तिकडे कॉम्प्युटर इंजिनीअरिंग म्हणजे सर्किट, सिग्नल, प्रोसेसरची रचना, एम्बेडेड सिस्टिम, अर्धं इलेक्ट्रॉनिक्सच. आपल्याकडे तसं नाही. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत शाखेचं नाव ‘कॉम्प्युटर इंजिनीअरिंग’ आहे, सांगलीच्या वालचंदला किंवा नांदेडच्या एसजीजीएसला ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग’ आहे, आणि दोन्हीकडे मुलं शिकतात ते मुख्यतः सॉफ्टवेअरच. नोकरी देणाऱ्या कंपन्याही या दोन नावांत फरक करत नाहीत. त्यामुळे कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये ‘सीएसई लिहिलंय म्हणून वर, कॉम्प्युटर लिहिलंय म्हणून खाली’ असा क्रम लावू नका. ज्याला खरोखर चिप, बोर्ड, फर्मवेअर यांत रस आहे त्यानं कॉम्पच्या मागे न लागता ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घ्यावं, किंवा एआयसीटीईनं अलीकडे आणलेली व्हीएलएसआय, म्हणजे चिप डिझाइनची शाखा जवळच्या कॉलेजात आहे का ते बघावं. आवड हार्डवेअरची असून कॉम्पला गेलेल्या मुलाला चार वर्षांत मनासारखे विषय मोजून दोन-तीन मिळतात.

म्हणजे महाराष्ट्रात खरा प्रश्न सायन्स की इंजिनीअरिंग असा नसून बीएस्सी की बीई असा आहे, आणि तो ठरतो अभ्यासक्रमावर, वर्षांच्या संख्येवर आणि पैशांवर.

अभ्यासक्रम बघू. तपशील २०१९च्या पॅटर्नचे आहेत, कारण त्या बॅचेस पूर्ण बाहेर पडल्या आहेत आणि त्याचा निकाल समोर आहे. २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे मांडणी बदलली आहे. तिचा परिणाम पुढे सांगितला आहे.

बीईचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना सारखं. एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर), फिजिक्स, केमिस्ट्री, बेसिक इलेक्ट्रिकल, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, वर्कशॉप. प्रोग्रामिंगचा त्यात एकच खरा विषय, पीपीएस (प्रोग्रामिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग), तोही पायथनमध्ये. ज्याला कोड लिहायची घाई आहे त्याला हे वर्ष जड जातं. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून जॉब करा, ग्राफिक्सच्या शीटवर ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन काढा, बीमवरची बलं सोडवा. कॉम्पच्या मुलाला यातलं पुढे थेट काय लागतं? फार थोडं. पण हे विषय सुटले नाहीत तर त्याची किंमत मात्र जबर: एफईचे, म्हणजे पहिल्या वर्षाचे, सगळे विषय सुटल्याशिवाय टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, प्रवेश मिळत नाही. कॉम्पची वायडी झालेली, म्हणजे वर्ष वाया गेलेली मुलं प्रोग्रामिंगमुळे क्वचितच अडकतात. अडकतात ती एम-वन, एम-टू, मेकॅनिक्समध्ये. म्हणून बीई घेणाऱ्यानं पहिल्या वर्षी कोडिंगच्या क्लासपेक्षा आधी या तिघांकडे बघावं.

बीसीएसचं पहिलं वर्ष याच्या उलट. पहिल्याच सेमिस्टरला सी लँग्वेज आणि डीबीएमएस (डेटाबेस), दुसऱ्याला ॲडव्हान्स्ड सी आणि आरडीबीएमएस (रिलेशनल डेटाबेस). जोडीला गणितात मॅट्रिक्स अल्जिब्रा आणि डिस्क्रीट मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स, आणि इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे बीईचा मुलगा ड्रॉइंग बोर्डापुढे उभा असतो तेव्हा बीसीएसचा मुलगा पॉइंटर आणि एसक्यूएलच्या क्वेरी लिहीत असतो. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स दोन सेमिस्टर, सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग, नेटवर्क्स. गणितात ग्रुप्स अँड कोडिंग थिअरी, न्यूमरिकल टेक्निक्स, ऑपरेशन्स रिसर्च. तिसऱ्या वर्षी फक्त कॉम्प्युटर: ऑपरेटिंग सिस्टिम, जावा, पीएचपी, डेटा सायन्स, थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्स आणि कंपायलर.

कागदावर बीसीएसचं गणित बीईच्या गणितापेक्षा कॉम्प्युटरला जास्त धरून आहे, हे ठासून सांगायला हवं. स्टॅटिस्टिक्स सुरुवातीपासून असणं ही तर आज मोठी जमेची बाजू आहे. बीईला दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथ्स येतं, एम-थ्रीमध्ये ट्रान्सफॉर्म्सच्या शेजारी थोडं स्टॅटिस्टिक्स आणि प्रोबॅबिलिटी येते. तेवढ्यावर पुढे मशीन लर्निंगचा डोलारा उभा करायचा असतो, आणि तिथे अनेकांचा पाय घसरतो.

मग बीई कुठे पुढे जातं? खोलीत. एकाच विषयाची दोन्हीकडची प्रॅक्टिकल्स शेजारी ठेवून बघा. बीसीएसच्या टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये सी वापरून ‘टॉय शेल’ लिहायला सांगतात. फोर्क आणि एक्झेक या सिस्टिम कॉल्सवर नेहमीच्या कमांड चालवायच्या आणि वर स्वतःच्या चार द्यायच्या: काउंट लिहिलं की फाइलमधली अक्षरं, शब्द किंवा ओळी मोजून द्यायच्या, लिस्टनं डिरेक्टरीतल्या फाइल दाखवायच्या, टाइपलाइननं पहिल्या किंवा शेवटच्या ठरावीक ओळी, सर्चनं शब्द शोधायचा. असाइनमेंट सुरेख आहे. जो ती मनापासून करतो त्याला प्रोसेस म्हणजे काय हे कायमचं समजतं. बीईच्या टीईला त्याच सुमारास एसपीओएस (सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम) असतं. त्यात टू-पास असेंब्लरचा पहिला पास लिहायचा, सिम्बॉल टेबल आणि लिटरल टेबल बांधायचं, मग त्या इंटरमीजिएट कोडवरून दुसरा पास, पुढे मॅक्रो प्रोसेसर, आणि शेवटी शेड्युलिंग व पेज रिप्लेसमेंट. त्याच्या आधी एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये ब्रेडबोर्डवर आयसी लावून काउंटर बांधलेले असतात आणि मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये लिनक्सवर नॅसम हा असेंब्लर चालवून अ‍ॅरेतले धन आणि ऋण आकडे मोजणारा असेंब्ली प्रोग्राम लिहिलेला असतो. गेट, रजिस्टर, असेंब्ली, असेंब्लर, ऑपरेटिंग सिस्टिम अशी सलग उतरंड बीईत पूर्ण होते. बीसीएसला इलेक्ट्रॉनिक्स आहे, मायक्रोकंट्रोलर आहे, पण ही साखळी मधेच तुटते. प्रोग्रामरच्या हाताखालचं यंत्र तिथे जरा अंधुकच राहतं.

बीईतला एक दोष मात्र सांगायलाच हवा. २०१९च्या पॅटर्नमध्ये डिझाइन अँड ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स हा विषय चौथ्या वर्षी, सातव्या सेमिस्टरला ठेवला होता. कॅम्पसला कंपन्या येतात त्याही सातवं सेमिस्टर सुरू होता होताच. म्हणजे ज्या विषयावर मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात तो वर्गात सुरू व्हायच्या आत मुलाखती सुरू. ज्यांना हे आधी कळतं ते टीईच्या सुट्टीत डायनॅमिक प्रोग्रामिंग, ग्रीडी, बॅकट्रॅकिंग स्वतः करून ठेवतात. बाकीच्यांना ऑनलाइन टेस्टमध्येच गळती लागते, आणि दोष ‘कॉलेजला कंपन्या येत नाहीत’ यावर जातो. तुमच्या कॉलेजाचा पॅटर्न कुठलाही असो, डीएए कोणत्या सेमिस्टरला आहे ते आजच बघून ठेवा.

परीक्षेच्या तऱ्हाही वेगळ्या. बीईला २०१९च्या पॅटर्नमध्ये थिअरीचे शंभर गुण: इन-सेम ३०, एंड-सेम ७०. पहिली दोन युनिट इन-सेमला, उरलेली चार एंड-सेमला. यामुळे ‘पहिली दोन युनिट झाली, आता विसरा’ अशी सवय लागते. डेटा स्ट्रक्चर्ससारख्या विषयात पहिल्या युनिटवरच पुढचं सगळं उभं असतं, तिथे ही सवय घात करते. शिवाय टर्मवर्क, ओरल, सबमिशन यांचा रगाडा सतत मागे असतो. बीसीएसला दोन क्रेडिटच्या पेपरला ५० गुण, त्यातले १५ अंतर्गत आणि ३५ लेखी. प्रॅक्टिकल परीक्षा स्लिपवर, म्हणजे प्रश्नाच्या चिठ्ठीवर. स्लिपा ठरावीक असतात आणि मुलांच्या हाती आधीपासून असतात. इथेच बीसीएसची सर्वांत मोठी पोकळी आहे: सगळ्या स्लिपा पाठ करून, एकही प्रोग्राम स्वतः न रचता उत्तम गुण मिळवता येतात. बीईतही अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या डिकोड गाइडवर एंड-सेम निघते, हे खरं. पण ओरलला समोर एक्स्टर्नल बसतो, चौथ्या वर्षीचा प्रोजेक्ट असतो, त्यामुळे थोडी तरी तपासणी होते. पाठांतराचा रोग दोन्हीकडे आहे. बीसीएसमध्ये तो लवकर पकडला जात नाही, एवढाच फरक.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं (एनईपी) काय बदललं ते. बीएस्सीला तीन वर्षांवर बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. चार वर्षांनंतर मास्टर्स एका वर्षात होऊ शकतं, म्हणजे एकूण पाचच. चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात सुरू असेलच असं नाही, त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारा. दुसरं, आता मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची रचना आहे. गणित, स्टॅटिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी मायनर म्हणून काय मिळतं हे कॉलेजावर ठरतं. पर्याय असेल तर गणित किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीतून गणित गेलं की उरतो तो निव्वळ कोडिंगचा क्लास, आणि कोडिंगचे क्लास बाहेर स्वस्तात मिळतात.

पदवी तीन वर्षांची आहे म्हणून ती हलकी, असं मात्र कुणी म्हणू नये. चेन्नईच्या सिरुसेरीतल्या सीएमआयची (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) गणित आणि कॉम्प्युटर सायन्समधली बीएस्सी ऑनर्सही तीनच वर्षांची आहे, आणि देशातल्या सर्वांत कसदार पदव्यांत तिची गणना होते. गणितात खरोखर तेज असलेल्या मुलानं सीएमआयची प्रवेश परीक्षा द्यावी. पुण्या-मुंबईत तिची चर्चा फार कमी होते याचं वाईट वाटतं.

अडचण पदवीच्या दर्जाची नाही, पुढच्या दारांवर लिहिलेल्या अटींची आहे. बँकभरती करणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतल्या आयटी ऑफिसर पदाला चार वर्षांची इंजिनीअरिंगची पदवी किंवा कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्समधली पदव्युत्तर पदवी लागते. नुसतं बीसीएस तिथे चालत नाही; बीसीएसवर एमसीए किंवा एमएस्सी झालं की चालतं. इस्रोच्या सायंटिस्ट-इंजिनीअर भरतीला कॉम्प्युटरच्या शाखेत बीई-बीटेक आणि ६५ टक्के मागतात. गेट परीक्षेला पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा बसू शकतो, म्हणजे टीवायचाही बसू शकतो. पण आयआयटीत एमटेकला प्रवेश घेताना बहुतेक ठिकाणी बीई किंवा एमएस्सी-एमसीए मागतात, त्यामुळे स्कोअर असून जागा नाही अशी वेळ येते. सीडॅकच्या पीजी-डॅक या डिप्लोमालाही तीन वर्षांची बीएस्सी सहसा पुरत नाही. उलट, यूपीएससी, एमपीएससीच्या राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, तिथे बीसीएसवाल्याचं एक वर्ष वाचतं. कॉलेजात शिकवायचं असेल तर वाटा सरळ वेगळ्या आहेत: सायन्स कॉलेजला एमएस्सी आणि नेट किंवा सेट, इंजिनीअरिंग कॉलेजला बीई आणि त्यावर एमई-एमटेक.

परदेशाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या बीएस्सीवर मास्टर्सला अर्ज करता येतो. अमेरिका आणि कॅनडात अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. बारावी अधिक तीन म्हणजे पंधराच. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी पदवीची तुलना होते तेव्हाही तीन वर्षांची पदवी एकटी बहुधा कमी पडते. मुलाच्या डोक्यात परदेश पक्का असेल तर बीई घ्या, किंवा बीएस्सीचं चौथं वर्ष कराच.

नोकरीच्या बाजारात दोघांसाठी दारंच वेगळी असतात. टीसीएसची इंजिनीअर मुलांची भरती वेगळी आणि बीएस्सी-बीसीएची वेगळी, पगारही वेगळा. विप्रोची बीएस्सी-बीसीए मुलांसाठी वेगळी योजना आहे, ज्यात नोकरी करता करता कंपनीच्या खर्चानं एमटेक करता येतं. बदल्यात काही वर्षं तिथेच राहायचं असतं. घरची परिस्थिती बेताची असलेल्या, शिकायची जिद्द असलेल्या मुलासाठी ही योजना आम्हाला चांगली वाटते. करार मात्र नीट वाचून घ्यावा. छोट्या प्रॉडक्ट कंपन्या आणि स्टार्टअप पदवीचं नाव फारसं बघत नाहीत. गिटहबवर काय आहे आणि समोर बसून काय सोडवता येतं ते बघतात. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचा पहिला गाळणीचा निकष अनेकदा दहावी-बारावी-पदवी सलग ६० टक्के आणि एकही बॅकलॉग नको, असा असतो. वाईट कॉलेजात तीन केट्या (राहिलेले विषय) घेऊन रखडलेलं बीई या गाळणीत अडकतं, पहिल्या वर्गात सुटलेलं बीसीएस निदान पहिली पायरी ओलांडतं.

बीसीएसनंतर एमसीए आता दोनच वर्षांचं आहे. राज्याची एमसीए सीईटी द्यायची, किंवा एनआयटींमधल्या एमसीएसाठी निमसेट ही परीक्षा. एमएस्सीसाठी विद्यापीठांच्या परीक्षा आणि सीयूईटी-पीजी. तयारी एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, शेवटापासून सुरू करावी. टीवाय संपल्यावर बघू म्हणणारे मागे पडतात. आणखी एक उपयोगी जोड आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली ऑनलाइन बीएस पदवी. यूजीसीनं २०२२मध्ये एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिल्यापासून बीसीएसबरोबर ती रीतसर करता येते. बीसीएसचं वेळापत्रक बीईपेक्षा मोकळं असतं, म्हणून जमते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि गणित सोपं नाही, पण स्लिपांच्या पाठांतरावर याहून चांगला उतारा नाही.

पैशांकडे येऊ. बीसीएसचा वर्ग अनुदानित कॉलेजातही बहुधा विनाअनुदानित तुकडी म्हणून चालतो, त्यामुळे साध्या बीएस्सीपेक्षा फी जास्त असते; तरी ती खासगी बीईच्या फीच्या जवळपासही जात नाही. खासगी बीई कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय बघता येते. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा आणि हा आकडा जुळवून बघा. होस्टेल, बस, परीक्षा फी वेगळी.

मात्र वरवरची फी बघून बीई सोडू नका, कारण सवलती बीईकडे भक्कम आहेत. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचे ५० टक्के मिळतात. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी, एसटी, व्हीजेएनटी यांच्या योजना वेगळ्या. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. या सगळ्याला प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला लाभ नाही. ज्या घरात मुलगी आहे आणि उत्पन्न मर्यादेत आहे, तिथे कॅपची बीई जागा बीसीएसपेक्षा स्वस्तही पडू शकते. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ‘बीई झेपणार नाही’ असं म्हणू नका.

टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांची, गंमत अनेकांना ठाऊक नसते. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, त्यांना शिक्षण शुल्क माफ. पण त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी ‘टी’ लावलेला. साधा कोड भरला की टीएफडब्ल्यूएस आपोआप धरलं जाईल असं समजून मुलं तो भरतच नाहीत. दोन्ही कोड भरा, टीएफडब्ल्यूएस वर. कटऑफ ओपनपेक्षा चढा असतो आणि पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हे धरून चाला.

कटऑफची पीडीएफ वाचताना अक्षरं समजून घ्या. सुरुवातीला ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींची जागा. शेवटी ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. चुकीचा रकाना बघून ‘मिळणारच नाही’ म्हणत कॉलेज यादीतून काढून टाकणं ही दरवर्षीची चूक आहे. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली की ती गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो, म्हणून पहिल्या क्रमांकावर खरोखर हवं तेच कॉलेज ठेवा. सीईटीत गणिताचा प्रश्न २ गुणांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा १, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. पुढच्या वर्षी बसणाऱ्यांनी वेळेची वाटणी त्याप्रमाणे करावी.

कॉलेज तपासायचं ते असं. इंजिनीअरिंगसाठी नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजाची असते, एनबीएची मान्यता शाखेची. कॉम्पला एनबीए आहे का, कुठल्या वर्षापर्यंत, ते विचारा. मग एसईच्या मुलांना गाठा आणि एवढंच विचारा: डेटा स्ट्रक्चर्स कोण शिकवतं आणि ते मागच्या वर्षीही होते का? मधल्या सत्रात मास्तर बदललेल्या कॉलेजात हा विषय कच्चा राहतो आणि पुढच्या वर्षांत तो भरून निघत नाही. सायन्स कॉलेजात लॅब बघा: मशीनवर लिनक्स आहे का, बॅचला मशीन पुरतात का, की दोघांत एक. टीवायचा मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट दाखवा म्हणा. दहापैकी आठ जणांचा ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ असेल तर ते तयार विकत आणलेले आहेत असं समजायला हरकत नाही.

लॅपटॉपवर जादा खर्च नको. दोन्हीकडची बहुतेक प्रॅक्टिकल्स लिनक्सवर, मोफत साधनांवर होतात. १६ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोजच्या शेजारी उबुंटू एवढं चार वर्षं पुरतं. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवा.

शेवटी तारखांचा घोळ, कारण नेमकी इथेच हातातली जागा जाते. सायन्स कॉलेजांचे बीसीएसचे प्रवेश निकालानंतर लगेच, जूनमध्ये सुरू होतात आणि चांगल्या कॉलेजांच्या यादीत दोन-तीन आठवड्यांत जागा संपतात. बीसीएसला राज्याची सीईटी नाही. बारावी विज्ञान गणितासह आणि कॉलेजची गुणवत्ता यादी. बीसीए या वेगळ्या पदवीला मात्र २०२४पासून सीईटी आहे; बीसीए आणि बीसीएस एक समजू नका. कॅपच्या फेऱ्या त्यानंतर लांबत जातात. म्हणून पर्सेंटाइल काठावर असेल तर जूनमध्ये बीसीएसची जागा घेऊन ठेवावी आणि कॅपमध्येही राहावं. प्रवेश घेताना मूळ लिव्हिंग सर्टिफिकेट कॉलेज मागतं. ते देण्याआधी त्याच्या आणि बाकी मूळ कागदांच्या साक्षांकित प्रती आणि स्कॅन काढून ठेवा, पावती घ्या, आणि प्रवेश रद्द केल्यास कागद किती दिवसांत परत मिळतात आणि फीमधून किती कापतात हे विचारून घ्या. कॅपमधला प्रवेश ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत रद्द केला तर १००० रुपये वजा होऊन फी परत मिळते. तारीख उलटली की नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर हे तहसील कचेरीतून आणि समितीकडून येतात आणि जुलैत तिथे रांगा लागतात. बारावीची परीक्षा संपली की लगेच अर्ज टाका.